ठसा आणि नोंद : ‘पुडनहेड विल्सन’ या कादंबरीच्या आधारे पूर्ववृत्त-पडताळणीचा विचार

अमेरिकेत शाळा, शुश्रूषागृह, विमानतळ किंवा शासकीय प्रयोगशाळा अशा अनेक ठिकाणी नोकरीस लागणाऱ्या माणसाला आपल्या दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतात. हे ठसे एफबीआयच्या वेस्ट व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्ग येथील केंद्राकडे जातात आणि तेथून उत्तर येते. हे उत्तर ठशाविषयी नसते. ते ठशाला जोडून ठेवलेल्या नोंदीविषयी असते. ‘हा माणूस तोच आहे काय?’ हा ठशाचा प्रश्न होय, तर ‘हा माणूस विश्वासास पात्र आहे काय?’ हा मालकाचा प्रश्न होय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे निश्चित असते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणी, केव्हा आणि किती काळजीपूर्वक लिहिले यावर ते अवलंबून असते. व्यवहारात मात्र पहिल्या उत्तराची निश्चिती दुसऱ्या उत्तराला आपोआप लाभते, आणि ठसा अचूक म्हणून नोंदही अचूक असे गृहीत धरले जाते. पूर्ववृत्त-पडताळणीच्या पद्धतीतील मूळ दोष या गृहीतकात आहे.

मार्क ट्वेन यांची ‘पुडनहेड विल्सन’ ही कादंबरी १८९३-९४ मध्ये ‘सेंच्युरी’ मासिकातून क्रमशः आणि १८९४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. बोटांच्या ठशांवर कथानकाचा निकाल लावणारी आरंभीची कादंबरी म्हणून तिचा उल्लेख केला जातो. न्यायालयातील शेवटचा प्रसंग, विल्सनच्या काचपट्ट्या, खुन्याचे उघडे पडणे यांमुळे ती ठशाच्या विजयाची कथा म्हणून वाचण्याचा प्रघात पडला आहे. हे वाचन चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. कादंबरीत ठसा एकदाच बोलतो. नोंदी मात्र पहिल्या प्रकरणापासून बोलत असतात, आणि त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक नोंद अन्याय करते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या धाग्याचा मागोवा घेऊन त्या प्रकाशात अमेरिकेतील शासकीय ठसेसंग्रह आणि नोकरभरतीतील पडताळणी यांचा विचार केला आहे.

कादंबरीतील ठशाचे ज्ञान कोठून आले हे पाहणे उपयुक्त ठरेल. ट्वेन यांनी फ्रान्सिस गाल्टन यांचा ‘फिंगर प्रिंट्स’ (१८९२) हा ग्रंथ वाचला होता. गाल्टन यांनी आपल्या विवेचनासाठी विल्यम हर्शेल यांच्या सामग्रीचा आधार घेतला होता. आणि हर्शेल हे बंगालमधील मुलकी अधिकारी होते. १८५८ मध्ये जंगीपूर येथे एका कंत्राटदाराकडून करारनाम्यावर पंजाचा ठसा घेण्यापासून त्यांच्या प्रयोगांना सुरुवात झाली. पुढे निवृत्तिवेतन घेणारे आणि दस्त नोंदविणारे यांच्याकडून ते बोटांचे ठसे घेऊ लागले. म्हणजे ठशाचा पहिला शासकीय उपयोग खुनी शोधण्यासाठी नव्हता, तर करार मोडू पाहणारा कंत्राटदार आणि मृताच्या नावावर पैसे उचलणारा तोतया यांना अडविण्यासाठी होता. गुन्हेगारांच्या वर्गीकरणाचे काम नंतर आले. एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरणाची पद्धत सिद्ध केली आणि १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे कार्यालय सुरू झाले. पद्धतीला नाव मात्र हेन्रींचे पडले. (नोंद कोणाच्या नावे होते, हा प्रश्न ठसेशास्त्राच्या जन्मकथेलाही चुकलेला नाही.) ट्वेन यांनी हे नवे ज्ञान १८३० ते १८५३ या काळात घडणाऱ्या कथेत बसविले. हा कालविपर्यास उघड आहे, पण त्यामुळे गुलामगिरीचा काळ आणि ठशाचे शास्त्र एकमेकांसमोर उभे राहतात. कादंबरीचे सारे बळ या समोरासमोर येण्यात आहे.

मिसुरी राज्यातील मिसिसिपीकाठच्या डॉसन्स लँडिंग या गावी डेव्हिड विल्सन हा पंचविशीतला तरुण वकिली करण्यासाठी येतो. आल्या दिवशीच एक कुत्रे भुंकून भुंकून जीव नकोसा करते, तेव्हा तो गमतीने म्हणतो की, या कुत्र्याचा अर्धा भाग आपल्या मालकीचा असता तर बरे झाले असते, म्हणजे आपला अर्धा भाग आपण मारून टाकला असता. ऐकणाऱ्यांना विनोद कळत नाही. ते आपसांत गंभीरपणे चर्चा करतात आणि हा माणूस ‘पुडनहेड’, म्हणजे मठ्ठ डोक्याचा आहे, असा एकमुखाने निवाडा देतात. त्यानंतर वीसहून अधिक वर्षे त्याच्याकडे एकही पक्षकार येत नाही. कायद्याचे शिक्षण घेतलेला हा मनुष्य जमिनीची मोजणी आणि हिशेबांची जुळवाजुळव करून पोट भरतो.

हा प्रसंग सामान्यतः विनोदी प्रवेशक म्हणून वाचला जातो. तो नोकरीपूर्व पडताळणीचा अगदी मूळ नमुना आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. येथे एक घटना आहे, ती पाहणारे साक्षीदार आहेत, त्यांनी केलेली नोंद आहे आणि त्या नोंदीच्या आधारे दिलेला नकार आहे. उमेदवाराचे म्हणणे ऐकून घेण्याची सोय तेवढी नाही. नोंद एकदा पक्की झाली की नंतर येणारा पुरावाही तिच्याच बाजूने वाचला जातो, ही बाब ट्वेन यांनी फार मार्मिकपणे दाखविली आहे. विल्सन स्वतःशी एक दिनदर्शिका लिहीत असतो आणि तीत उपरोधिक वचने घालत असतो. त्याचा एकुलता स्नेही न्यायाधीश ड्रिस्कॉल ती वचने गावातल्या प्रतिष्ठितांना वाचून दाखवितो. विल्सनच्या बुद्धिमत्तेची खात्री पटावी हा त्याचा हेतू असतो. परिणाम उलट होतो. उपरोध न कळल्याने ती वचने त्याच्या मूर्खपणाचा नवा दाखला ठरतात.

आणि हाच विल्सन काचेच्या पट्ट्यांवर गावकऱ्यांचे ठसे गोळा करीत बसतो. प्रत्येक पट्टीवर तो कागदाची चिठ्ठी लावून नाव आणि तारीख लिहितो. यापलीकडे काही लिहीत नाही. कोण चांगला, कोण वाईट, कोण चोर, कोण सावकार, याची त्याच्या संग्रहात जागाच नाही. ज्याच्यावर एका वाक्याच्या नोंदीने आयुष्यभराचा शिक्का बसला, त्याने शिक्का नसलेला संग्रह करावा, ही योजना ट्वेन यांनी जाणून केली असो वा नसो, कादंबरीच्या अर्थाचा ती कणा आहे.

दुसरी नोंद लुईजी या इटालियन तरुणाची. लुईजी आणि अँजेलो हे जुळे भाऊ गावात येतात तेव्हा त्यांच्यापाशी रत्नजडित म्यानाचा एक खंजीर असतो. हा खंजीर लुईजीला बडोद्याच्या गायकवाड महाराजांनी दिलेला आहे, असे कादंबरीत सांगितले आहे. मराठी वाचकाला येथे क्षणभर थांबावेसे वाटेल. ट्वेन स्वतः भारतात आले ते १८९६ मध्ये, म्हणजे कादंबरीनंतर, आणि त्या दौऱ्यात ते बडोद्यासही गेले. कादंबरी लिहिताना बडोदे हे त्यांच्या दृष्टीने वैभवाचे एक दूरचे नाव होते. राजवाड्यात एका रात्री खंजिराच्या लोभाने एक नोकर भावांच्या खोलीत शिरतो. लुईजी जागा असतो, आणि झोपलेल्या भावाचा जीव वाचविण्यासाठी त्याच खंजिराने तो त्या नोकराला ठार करतो.

विल्सनला हस्तसामुद्रिकाचाही नाद आहे. लुईजीचा हात पाहताना त्याला ही हत्या ‘दिसते’, लुईजी ती मान्य करतो आणि अँजेलो सगळी हकीकत सांगतो. टॉम ड्रिस्कॉल हा तेथे बसून ती पूर्ण ऐकतो. पुढे टॉम आपल्या काकांना, म्हणजे न्यायाधीश ड्रिस्कॉलला, फक्त एवढेच सांगतो की, लुईजीने माणूस मारल्याची कबुली दिली आहे. न्यायाधीश निवडणुकीच्या भाषणात या माहितीचा सूचक वापर करतो आणि भावांची अप्रतिष्ठा होते. लुईजी द्वंद्वाचे आव्हान देतो, तर न्यायाधीश मारेकऱ्याशी द्वंद्व खेळण्यास नकार देतो. विल्सन खरी हकीकत समजावून सांगतो, पण न्यायाधीशाचा आपल्या पुतण्यावर अधिक विश्वास. नंतर न्यायाधीशाचा खून होतो, खंजीर तोच निघतो, आणि गावाच्या लेखी खुनी आधीच ठरलेला असतो.

येथे टॉम खोटे बोलत नाही हे महत्त्वाचे आहे. त्याने दिलेली माहिती अक्षरशः खरी आहे. तिच्यातून एकच गोष्ट गळली आहे : त्या घटनेचे पुढे काय झाले आणि ती का घडली. अमेरिकेतील ठसेनोंदींचा दीर्घकालीन दोष नेमका हाच आहे.

एफबीआयच्या ओळखविभागाची स्थापना १९२४ मध्ये झाली, तेव्हा लीव्हनवर्थच्या तुरुंगातील आणि पोलीसप्रमुखांच्या संघटनेकडील मिळून आठ लाखांवर ठसेपत्रके त्याच्या हाती आली. पुढे सैनिक, शासकीय कर्मचारी आणि परवानाधारक यांच्या ठशांची त्यात भर पडत गेली. १९९९ मध्ये संग्रह संगणकीकृत झाला आणि २०१४ पासून नव्या पिढीची ओळखप्रणाली पूर्णपणे कार्यान्वित झाली. या प्रणालीतील ‘रॅप बॅक’ या सोयीमुळे नोकरीत असलेल्या माणसाला पुढे कधी अटक झाली तर तिची खबर मालकाकडे आपोआप पोहोचू शकते. तांत्रिक प्रगती थक्क करणारी आहे. नोंदीचे मात्र तसे नाही. अटक झाली की स्थानिक पोलीस ठसे घेऊन पाठवितात. खटला मागे घेतला, आरोप फेटाळले, निर्दोष मुक्तता झाली, तर ते कळविण्याचे काम दुसऱ्याच कोणाकडे असते आणि ते पुष्कळदा होत नाही. ‘नॅशनल एम्प्लॉयमेंट लॉ प्रोजेक्ट’ या संस्थेने २०१३ च्या अहवालात दाखविले की, एफबीआयकडील सुमारे निम्म्या नोंदींत खटल्याचा अंतिम निकाल नाही. आणि २०१२ या एका वर्षात नोकरी व परवान्यांसाठी या नोंदींची सुमारे एक कोटी सत्तर लाख वेळा तपासणी झाली होती. अटकेची ओळ आहे आणि निकालाची जागा कोरी आहे, असा कागद मालकापुढे येतो. कोऱ्या जागेचा अर्थ तो आपल्या सोयीने लावतो. टॉमच्या अर्ध्या सत्याहून या कागदाची प्रत वेगळी नाही; फरक असलाच तर इतकाच की, येथे दुष्ट हेतू कोणाचाच नाही.

‘मेनार्ड विरुद्ध मिचेल’ हा खटला या संदर्भात आवर्जून पाहण्याजोगा आहे. १९६५ मध्ये लॉस एंजेलिस येथे एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला घरफोडीच्या संशयावरून पकडण्यात आले, दोन दिवस ठेवण्यात आले आणि कोणताही आरोप न ठेवता सोडून देण्यात आले. त्याचे ठसे मात्र एफबीआयच्या गुन्हेविषयक संग्रहात गेले आणि तेथेच राहिले. १९७१ मध्ये जिल्हा न्यायालयाने ठसेनोंद काढून टाकण्याचा आदेश दिला नाही, पण अशा अटकेच्या नोंदी खासगी मालकांना वा अन्य बिगर-पोलीस संस्थांना नोकरीच्या प्रयोजनासाठी पुरविण्यास काँग्रेसची स्पष्ट अनुमती नसल्याचे सांगून मनाई केली. न्यायालयाने उचललेला प्रश्न सरळ होता : एका कामासाठी घेतलेला ठसा दुसऱ्या कामासाठी वापरण्याचा अधिकार कोणी दिला? काँग्रेसने १९७२ च्या कायद्याने तो अधिकार देऊन टाकला. दोन वर्षांनी अपील न्यायालयाने त्या विद्यार्थ्याची नोंद गुन्हेविषयक संग्रहातून वगळण्यास सांगितले, कारण कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार ती अटकच नव्हती. एका व्यक्तीला नऊ वर्षांनी दाद मिळाली. पद्धत मात्र तोवर कायद्याने पक्की झाली होती.

नियमांत दुरुस्तीची सोय आहे. ज्या संस्थेला नोंद मिळते तिने उमेदवाराला ती पूर्ण करण्याची वा आव्हान देण्याची संधी द्यावी, असे अमेरिकेच्या न्यायखात्याच्या नियमांत म्हटले आहे. परंतु ही संधी याचा अर्थ असा की, गहाळ कागद शोधण्याचे काम उमेदवाराने करावयाचे. वीस वर्षांपूर्वीच्या फेटाळलेल्या आरोपाचा आदेश परगण्याच्या न्यायालयातून मिळविणे, तो राज्याकडे नोंदवून घेणे आणि तोवर रिकामी जागा टिकून राहणे, या सर्व गोष्टी जमून याव्या लागतात. शुश्रूषागृहात तासाच्या मजुरीवर काम करणाऱ्या बाईला हे किती परवडेल, याचा विचार नियमांत नाही. २०१९ च्या कायद्याने संघीय कार्यालयांना आणि त्यांच्या कंत्राटदारांना सशर्त नेमणूक देऊ करण्याआधी गुन्हेविषयक माहिती विचारण्यास बंदी केली, हे पाऊल स्वागतार्ह होय. त्याने प्रश्नाची वेळ बदलली, नोंद बदलली नाही.

ठशावर आधारलेली पडताळणी नावावर आधारलेल्या पडताळणीहून चांगली, असा युक्तिवाद केला जातो आणि तो बव्हंशी खरा आहे. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचा गुन्हा आपल्या माथी येण्याची भीती ठशात बरीच कमी असते. लहान मुले, वृद्ध आणि रुग्ण यांच्या सहवासात ठेवावयाच्या माणसांची चौकशी व्हावी, याबद्दलही दुमत असण्याचे कारण नाही. तथापि ठशाची निश्चितीही शेवटी मानवी तुलनेवर उभी असते. २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर एका पिशवीवरील ठसा ओरेगॉनमधील एका वकिलाचा असल्याचा निर्वाळा एफबीआयच्या तज्ज्ञांनी दिला. स्पेनच्या पोलिसांना तो पटला नव्हता, आणि पुढे तो ठसा एका अल्जीरियन नागरिकाचा असल्याचे त्यांनी दाखविले. दोन आठवड्यांच्या कोठडीनंतर वकिलाची सुटका झाली आणि एफबीआयला क्षमा मागावी लागली. ट्वेन यांच्या कादंबरीतही असाच एक चकवा आहे. खुनाच्या रात्री एक तरुणी घराच्या मागल्या बाजूने जाताना दिसली होती, म्हणून विल्सन आपल्या संग्रहातील फक्त बायकांचे ठसे पुन्हा पुन्हा पडताळतो आणि हताश होतो. खुनी टॉम बाईच्या वेषात पळालेला असतो. त्याचा ठसा विल्सनच्या संग्रहात त्याच्या बाल्यापासून आहे. पण शोध चुकीच्या खणात चालू आहे. ठसा खोटे बोलत नाही हे मान्य केले, तरी त्याला प्रश्न विचारणाऱ्याची समजूत आधीच ठरलेली असू शकते.

महाविद्यालयीन आणि संशोधनक्षेत्रातील वाचकाला अधिक जवळचे वाटेल असे प्रकरण ‘नासा विरुद्ध नेल्सन’ हे होय. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेकडून चालविल्या जाणाऱ्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या शास्त्रज्ञांवर आणि अभियंत्यांवर २००४ च्या अध्यक्षीय निर्देशानंतर पूर्ववृत्त-पडताळणीची सक्ती आली. ठसे द्यावयाचे, आणि शिवाय परिचितांकडे एक प्रश्नावली जावयाची. तीत या माणसाच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्यास काही कारण आहे काय, असे मोघम विचारलेले. अठ्ठावीस जणांनी दाद मागितली. गुप्त संशोधनाशी त्यांचा संबंध नव्हता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी शासनाच्या बाजूने निकाल दिला. माहितीच्या खासगीपणाचा घटनात्मक हक्क आहे की नाही हे न ठरवता, तो आहे असे क्षणभर धरून न्यायालयाने म्हटले की, माहिती उघड होऊ नये यासाठी कायद्याने पुरेसे संरक्षण दिले आहे. चारच वर्षांनी, २०१५ मध्ये, केंद्रीय कार्मिक कार्यालयाच्या संगणकांतून पूर्ववृत्त-तपासणीच्या संदर्भातील दोन कोटी पंधरा लाख व्यक्तींची माहिती चोरीस गेल्याचे जाहीर झाले. तीत छप्पन्न लाख व्यक्तींच्या बोटांचे ठसे होते. परवलीचा शब्द चोरीस गेला तर बदलता येतो; बोटे बदलता येत नाहीत. विल्सन आपल्या भाषणात ज्या गुणाचे, म्हणजे पाळण्यापासून स्मशानापर्यंत न बदलण्याचे, कौतुक करतो, तोच गुण येथे ठसे देणाऱ्यावर उलटला आहे.

मराठी वाङ्मयाच्या वाचकाला ‘पुडनहेड’ या शीर्षकापाशी आणखी एक पुस्तक आठवेल. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनाचे शीर्षकही इतरांनी लावलेली नोंदच आहे, आणि लेखकाने ती मुद्दाम मुखपृष्ठावर घेतली आहे. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. त्याच्या १९११ च्या रूपात नोंदलेल्या जमातीच्या कोणाही व्यक्तीच्या बोटांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार देण्यात आला. येथे गुन्ह्याची नोंद कृत्यामागून येत नाही, जन्माबरोबर येते. सोलापूरच्या वसाहतीतील माणसांना तेथील कापडगिरण्यांत काम मिळे, हे तर या कथेतील विलक्षण वळण होय. सामान्यतः नोंद रोजगार हिरावते. येथे नोंदीनेच रोजगार दिला, कारण नोंद असलेला कामगार वसाहत सोडून जाऊ शकत नव्हता. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शब्द मात्र इतक्या सहजासहजी रद्द होत नाहीत.

भारतात शासकीय नोकरीपूर्वी चारित्र्य व पूर्वचारित्र्य पडताळणी होते ती बव्हंशी पोलीस ठाण्याच्या दप्तरावरून आणि उमेदवाराने भरलेल्या साक्षांकन नमुन्यावरून. त्यामुळे येथील खटले बहुधा माहिती लपविल्याचे असतात. दिल्ली पोलिसांतील एका उमेदवाराने विशीतील मारहाणीचा खटला नमूद केला नव्हता. त्या खटल्यात तडजोड होऊन तो निर्दोष सुटला होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय देताना व्हिक्टर ह्यूगो यांच्या ‘ले मिझराब्ल’मधील जाँ व्हालजाँची आठवण केली. ही आठवण फार योग्य आहे. ठशांच्या पूर्वीच्या काळात व्हालजाँच्या खिशात पिवळा परवाना असतो. ग्रासच्या अत्तराच्या भट्टीवर तो दिवसभर ओझी उतरवितो, आणि मध्ये शिपायाने परवाना पाहिल्यामुळे संध्याकाळी त्याला इतरांपेक्षा कमी मजुरी मिळते. मालकाला त्याच्या कामात काही उणे आढळलेले नसते. २०१६ च्या ‘अवतार सिंग’ निकालाने अशा प्रकरणांत तारतम्य कसे ठेवावे याची चौकट घालून दिली, तर २०२२ च्या ओळखविषयक कायद्याने १९२० चा जुना कायदा जाऊन ठशांबरोबर बुबुळांच्या प्रतिमाही घेण्याची आणि त्या ७५ वर्षे जपण्याची तरतूद आली. पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती खटल्याविना सुटली अथवा निर्दोष ठरली, तर न्यायालयाने अन्यथा सांगितले नसल्यास नोंद नष्ट करावयाची, हेही त्या कायद्यात आहे. निकाल वेळेवर संग्रहापर्यंत पोहोचला तरच या वाक्याला अर्थ, आणि अमेरिकेचा अनुभव नेमका या टप्प्यावरचा आहे.

कादंबरीकडे परतायचे तर तिचे दोष झाकण्याचे कारण नाही. ती मुळात जुळ्या भावांच्या प्रहसनातून कापून काढलेली आहे, हे ट्वेन यांनीच सांगितले आहे, आणि त्या कापाकापीच्या खुणा जागोजागी दिसतात. रॉक्सीसारखी समर्थ स्त्रीव्यक्तिरेखा उत्तरार्धात कडेला पडते. तरी शेवट मात्र निर्दय अचूकतेने लिहिलेला आहे. रॉक्सी सोळा आण्यांत पंधरा आणे गोरी. एका आण्याने ती गुलाम. आपले मूल नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे दक्षिणेच्या मळ्यांवर, विकले जाऊ नये म्हणून ती पाळण्यातल्या दोन बाळांची अदलाबदल करते. विल्सनच्या काचपट्ट्यांवर मात्र अदलाबदलीच्या आधीचे ठसे असतात. न्यायालयात तो सिद्ध करतो की टॉम म्हणून वाढलेला खुनी हा जन्माने गुलाम आहे आणि गुलाम म्हणून राबलेला चेंबर्स हा खरा वारस आहे. लुईजी सुटतो, विल्सनवरील ‘मठ्ठ’ हा शिक्का पुसला जातो. सर्वत्र समाधान असावे अशी ही जागा आहे.

आणि येथे पर्सी ड्रिस्कॉलचे सावकार पुढे येतात. खुन्याला जन्मठेप झालेली असते. सावकारांचे म्हणणे असे की, पर्सीच्या मृत्यूच्या वेळी त्याच्या मालमत्तेची जी यादी झाली ती चुकीची होती; हा इसम त्या यादीत असावयास हवा होता, तसा तो असता तर विकला गेला असता आणि आमचे येणे वसूल झाले असते. पुढे न्यायाधीशाचा खूनही झाला नसता. तेव्हा खरा अपराध त्या चुकलेल्या यादीचा. गावाला हा युक्तिवाद पटतो. गुलाम हा किमतीचा माल, त्याला तुरुंगात कुजविणे हा अपव्यय. राज्यपाल त्याला माफी देतात आणि सावकार त्याला नदीच्या खालच्या अंगाला विकतात. ठशाने माणूस ओळखला. त्या ओळखीचा उपयोग एका यादीतील ओळ दुरुस्त करण्यासाठी झाला. यादीच मुळात माणसांची असू नये, असे म्हणणारा त्या न्यायालयात कोणी नव्हता. विल्सनही नव्हता.

खऱ्या वारसाला ट्वेन यांनी जेमतेम एक परिच्छेद दिला आहे. समीक्षकांनी ही त्यांची घाई मानली आहे. वास्तविक या परिच्छेदाने कादंबरी संपावयास हवी होती. ठशाने त्याला नाव, संपत्ती आणि स्वातंत्र्य परत दिले. त्याला लिहितावाचता येत नाही. त्याची बोली, चालणे, हसणे सारे गुलामवस्तीतले. गोऱ्यांच्या दिवाणखान्यात तो भेदरून बसतो, चर्चमधल्या मालकांच्या बाकावर त्याला अवघडल्यासारखे होते, आणि जेथे त्याला निवांत वाटत असे ती चर्चमधल्या सज्जातली गुलामांची जागा आता त्याला बंद झालेली असते.